समुद्राचं मॉडेल, गोसीखुर्दचं पाणी : ‘डेपोमॉड’ वाचताना

पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिला सल्ला हाच मिळतो : “एखादं प्रस्थापित मॉडेल घ्या आणि आपल्या भागाला लावा.” सल्ला वाईट नाही. मीही तेच केलं. भंडाऱ्यात राहणाऱ्या आणि धरणातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवले तर पाण्याचं काय होईल यावर काम करणाऱ्या मी जे मॉडेल निवडलं, ते स्कॉटलंडच्या समुद्रातल्या सामन माशांसाठी बनलेलं होतं. भंडाऱ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. हसू नका. तुमच्यापैकी अर्धेजण असंच काहीतरी करणार आहात.

आज त्या मॉडेलच्या मूळ पेपरवर लिहितोय. पेपर २००२ चा, ‘ॲक्वाकल्चर’ या नियतकालिकातला. लेखक क्रोमी, निकेल आणि ब्लॅक. मॉडेलचं नाव डेपोमॉड. समुद्रातल्या पिंजरा-मत्स्यपालनाचा कचरा तळावर कुठे आणि किती साचतो, आणि तिथल्या जीवांचं काय होतं, हे सांगणारं हे मॉडेल. स्कॉटलंडच्या पर्यावरण नियामक संस्थेने परवाने देताना ते वापरलं, पुढे त्याची नवी आवृत्ती आली. म्हणजे हा नुसता कागदावर राहिलेला पेपर नाही. यावरून खरोखर कुणाला परवाना मिळाला, कुणाला नाही.

टीका करायची म्हणजे आधी समजून घ्यायचं. म्हणून आधी पेपर काय करतो ते बघू.

पेपर काय करतो

कल्पना सोपी आहे. पिंजऱ्यातून दोन घन गोष्टी खाली पडतात : न खाल्लेलं खाद्य आणि माशांची विष्ठा. प्रत्येक कण एका ठरावीक वेगाने बुडतो. बुडताना प्रवाह त्याला बाजूला ढकलतो. पाणी किती खोल आहे, कण किती वेगाने बुडतो आणि प्रवाह किती, ही तीन उत्तरं असली की कण कुठे टेकेल ते काढता येतं. हजारो कणांसाठी हेच केलं की तळावरच्या साठ्याचा नकाशा तयार होतो.

एक हिशोब करून बघा. विष्ठेचा कण सेकंदाला ३ सेंटिमीटर बुडतो असं धरा. पिंजऱ्याखाली ३० मीटर पाणी असेल तर तळाला पोचायला १,००० सेकंद, म्हणजे सतराएक मिनिटं. प्रवाह सेकंदाला ५ सेंटिमीटर असेल तर तेवढ्या वेळात कण ५० मीटर दूर जाईल. झालं, मॉडेलचा गाभा तुम्हाला कळला.

यापुढे दोन पायऱ्या आहेत. पहिली, तळाजवळचा प्रवाह एका मर्यादेपेक्षा वाढला की बसलेला गाळ पुन्हा उचलला जातो. ही मर्यादा मॉडेलमध्ये सेकंदाला ९.५ सेंटिमीटर ठेवली आहे. दुसरी पायरी म्हणजे, साठा किती आहे त्यावरून तळातल्या जीवांच्या समुदायाचा एक निर्देशांक काढायचा. तळ श्रीमंत आहे, की फक्त घाणीत तगणारे किडेच उरलेत, हे तो निर्देशांक सांगतो.

या पेपरचं मला मनापासून कौतुक आहे, आणि ते का, हेही शिकण्यासारखं आहे. लेखकांनी मॉडेलचे भाग वेगळे ठेवले आणि प्रत्येक भाग वेगळा तपासला. तळाजवळ गाळ पकडणारे सापळे लावले आणि मॉडेलचा आकडा व सापळ्यातला आकडा शेजारी-शेजारी ठेवला. फरक साधारण २० टक्क्यांच्या आत आला. पर्यावरणाच्या मॉडेलमध्ये हे उत्तम समजतात. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत ‘मॉडेल व्हॅलिडेशन’ नावाचं प्रकरण असतं आणि त्यात ज्या डेटावर मॉडेल बसवलं तोच डेटा परत छापलेला असतो. या लेखकांनी तसं केलं नाही.

मग तक्रार काय? पेपरबद्दल फारशी नाही. तक्रार आपल्या वाचण्याबद्दल आहे. तो पेपर उचलून आपण जिथे नेतो, तिथे त्यातलं एकेक गृहीतक कसं गळून पडतं, हे आपण बघत नाही.

आता हे गोसीखुर्दला आणा

भंडाऱ्याच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी : पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. धरणाची लांबी अकरा किलोमीटरच्या वर, एकूण साठा सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर. बुडीत क्षेत्र मात्र प्रचंड, वीस हजार हेक्टरांच्या वर. साठ्याला क्षेत्राने भागा : सरासरी खोली जेमतेम पाचेक मीटर येते. म्हणजे हे दरीतलं खोल धरण नाही. सपाट धानपट्टीत पसरलेलं, उथळ, रुंद पाणी आहे. याचं बॅकवॉटर थेट भंडारा शहराजवळ पोचतं.

धरणांमध्ये पिंजरे टाकणं हा आता सरकारी योजनांचा भाग आहे. आधी नीलक्रांती, २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना. पिंजरा साधारण ६ बाय ४ बाय ४ मीटरचा, मासा बहुतेकदा पंगासियस किंवा तिलापिया. पुणे जिल्ह्यात डिंभे धरणात आदिवासी कुटुंबांनी पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवण्याचं काम केलं आहे. तेव्हा गोसीखुर्दसारख्या पाण्यात पिंजरे टाकायचे म्हटले तर काय, हा प्रश्न हवेतला नाही.

आता डेपोमॉडची गृहीतकं एकेक करून तपासू.

पहिलं : खाद्य बुडतं. सामनचं खाद्य बुडणारं असतं; सेकंदाला दहाएक सेंटिमीटर वेगाने खाली जातं. आपल्याकडे पंगासियसला बहुतेक ठिकाणी तरंगणारं खाद्य देतात. न खाल्लेली गोळी खाली जातच नाही. ती वाऱ्याबरोबर वाहते, काठाच्या जलपर्णीत अडकते, तिथे कुजते. मॉडेलमध्ये वारा हा इनपुटच नसेल, तर खाद्याचा कचरा कुठे जाईल हे ते सांगणारच नाही. वर नकाशा इतका सुंदर रंगवलेला येतो की आपल्याला संशयही येत नाही.

दुसरं : प्रवाह कचरा पसरवतो. मघाचाच हिशोब परत करा. पिंजऱ्याच्या तळाखाली ६ मीटर पाणी, बुडण्याचा वेग तोच ३ सेंटिमीटर. तळाला पोचायला २०० सेकंद. दरवाजे बंद असताना धरणाच्या एखाद्या फाट्यात प्रवाह समजा सेकंदाला १ सेंटिमीटर. कण सरकेल फक्त २ मीटर. म्हणजे सगळं थेट पिंजऱ्याखाली. आणि ९.५ सेंटिमीटरची ती उचल-मर्यादा? आठ महिने ती गाठलीच जाणार नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडले की एकदम गाठली जाईल, आणि वर्षभर साचलेलं एका आठवड्यात उठून पुढे जाईल. समुद्रात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा सफाई करते. आमच्याकडे सफाई वर्षातून एकदाच, तीही पाटबंधारे विभागाच्या वेळापत्रकावर.

तिसरं : तळातले जीव. निर्देशांक समुद्री तळाच्या समुदायावर बेतलेला आहे. गोड्या पाण्यात ते जीव नाहीत. इथे गाळात तांबड्या अळ्या आणि बारीक लाल गांडुळं सापडतील, त्यांची सहनशक्ती वेगळी. तेव्हा हा भाग जसाच्या तसा उचलणं म्हणजे झाडीपट्टीतल्या पक्ष्यांची गणना कोकणातली यादी घेऊन करणं.

चौथं, आणि सगळ्यात मोठं : प्रश्नच वेगळा आहे. डेपोमॉड घन कचऱ्याचं मॉडेल आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टींचं नाही. माशाने उत्सर्जित केलेला नत्र बहुतांश कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात जातो. तो तळावर पडतच नाही. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी वेगळी, अगदी साधी ‘पेटी’ मॉडेल्स आहेत : किती नत्र आत आला, किती पाणी बदललं, भागाकार करा. समुद्रात शेवाळाची वाढ सहसा नत्रावर अडते म्हणून तिथे नत्राची चिंता. गोड्या पाण्यात ती बहुतेकदा फॉस्फरसवर अडते. म्हणजे आपल्याला हवं असलेलं मॉडेल तिसरंच आहे.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ‘पाण्याची गुणवत्ता’ असं शीर्षक होतं आणि आत तळाच्या गाळाचं मॉडेल होतं. कुणीच हरकत घेतली नाही. मीसुद्धा नाही. शीर्षकातला शब्द आणि समीकरणातला चल एकच आहे का, एवढंच बघायचं होतं.

मग फॉस्फरसचं मॉडेल घेऊ?

घ्या. ते आहेच. १९८४ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने बेव्हरिज यांचा एक तांत्रिक पेपर प्रसिद्ध केला, क्रमांक २५५. गोड्या पाण्यातल्या पिंजरा-मत्स्यपालनाची वहनक्षमता कशी काढायची, यावर आजही लोक तिथूनच सुरुवात करतात. पद्धत अशी : माशांमुळे किती फॉस्फरस पाण्यात येतो ते काढा, त्यातला किती गाळात कायमचा बसतो ते वजा करा, आणि उरलेल्याला वर्षभरात धरणातून जाणाऱ्या पाण्याने भागा.

चला, गोसीखुर्दसारख्या एका धरणासाठी करू. आकडे ‘समजा’चे आहेत, हे लक्षात ठेवा.

वर्षाला १,००० टन मासे. एक किलो माशासाठी दीड किलो खाद्य, म्हणजे १,५०० टन खाद्य. खाद्यात १.२ टक्के फॉस्फरस : १८ टन. माशांच्या अंगात ०.४ टक्के : ४ टन. उरलेले १४ टन पाण्यात. यातला ६० टक्के गाळात बसला असं धरलं तर पाण्यात राहिला ५.६ टन. धरणात १,००० दशलक्ष घनमीटर पाणी आणि ते वर्षातून पाच वेळा बदलतं असं समजू. भागाकार केला की वाढ येते लिटरमागे सुमारे १ मायक्रोग्रॅम. नगण्य. अहवाल लिहा, परवाना द्या, घरी जा.

थांबा. आता हेच पिंजरे कुठे असतील? पूर्ण धरणभर पसरून नाही. रस्ता, वीज, राखण, सगळं जिथे आहे तिथे, एखाद्या फाट्यात. फाटा २ चौरस किलोमीटर, खोली ५ मीटर : पाणी १ कोटी घनमीटर. पिंजऱ्यामागे तीन-साडेतीन टन धरले तर ३०० पिंजरे लागतील. ते फाट्याच्या क्षेत्राचा अर्धा टक्काही व्यापणार नाहीत. नकाशावर बघाल तर रिकामंच वाटेल.

ऑक्टोबर ते मे, आठ महिने. पाण्यात राहणारा फॉस्फरस सुमारे ३.७ टन. फाट्यातलं पाणी मुख्य धरणाशी दर १० दिवसांनी बदलत असेल तर वाढ लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम. दर ६० दिवसांनी बदलत असेल तर ९०च्या वर. बदललंच नाही तर आठ महिन्यांच्या शेवटी ३७०.

एक, पंधरा, नव्वद, तीनशे सत्तर. मासे तेच, खाद्य तेच, मॉडेलही जवळजवळ तेच. सगळा फरक एका आकड्याचा : फाट्यातलं पाणी किती दिवसांत बदलतं. हा आकडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. तो तिथे जाऊन, आपल्या हाताने, उन्हाळ्यात मोजावा लागतो. ‘वार्षिक सरासरी’ या दोन शब्दांनी तो गिळून टाकला होता.

आणि तो ‘गाळात कायमचा बसलेला’ ६० टक्के? ‘कायमचा’ या शब्दावर बोट ठेवा. तळाजवळचा प्राणवायू संपला की गाळातला लोहाला धरून बसलेला फॉस्फरस पुन्हा सुटतो. हे १९४१ पासून, मॉर्टिमर यांच्या कामापासून माहीत आहे. वर, पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, जनावरं चरतात. पुढच्या पावसात तोच गाळ परत पाण्याखाली. आमच्याकडे धरणाचा तळ ही तिजोरी नाही, ती पानटपरीवरची उधारीची वही आहे. लिहिलेलं परत वसूल होतंच.

बेव्हरिज यांच्यावर दोष नाही. ज्या तळ्यांच्या डेटावर ही समीकरणं उभी आहेत ती कॅनडा-युरोपातली थंड, खोल तळी. डिलन आणि रिगलर यांचं मूळ काम दक्षिण ओंटारिओच्या तळ्यांवरचं. तिथे पाऊस वर्षभर वाटून येतो. आमच्याकडे चार महिन्यांत वर्षाचं पाणी येतं आणि जातं.

नाग नदी मॉडेलमध्ये कुठे आहे?

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो.

नागपूरच्या सांडपाण्याने भरलेली नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. तिथून पुढे सगळं गोसीखुर्दच्या साठ्यात. भंडारेकरांच्या पिण्याच्या पाण्याच्या तक्रारी, काठावर माजलेली जलपर्णी, हे सगळं वर्षानुवर्षं पेपरात येतं. म्हणजे ज्या पाण्यात पिंजरे टाकायचे, ते पाणी आधीच नत्र-फॉस्फरसने लादलेलं आहे.

समुद्रातली बरीच मॉडेल्स एक प्रश्न विचारतात : मूळ पातळीच्या तुलनेत वाढ किती टक्के? स्वच्छ समुद्रात हा प्रश्न ठीक आहे. पण बघा काय होतं. समजा मूळ पातळी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, वाढ १५ : दीडशे टक्के, परवाना नाही. समजा मूळ पातळी १५०, वाढ तीच १५ : दहा टक्के, फारसं काही नाही, परवाना द्या. पाणी जितकं घाण, तितके पिंजरे निर्दोष.

बेव्हरिज यांची पद्धत उलट बाजूने जाते. चालेल अशी कमाल पातळी ठरवा, त्यातून आजची पातळी वजा करा, उरलं तेवढंच माशांसाठी. आजची पातळीच कमालीच्या वर असेल तर उत्तर शून्य. मग पिंजऱ्याचा हक्क कुणी खाल्ला? वरच्या शहराने.

डेटा एकच. एक पद्धत सांगते ‘हवे तितके टाका’, दुसरी सांगते ‘एकही नको’. दोन्ही गणितं बरोबर. म्हणजे निर्णय गणितात झालाच नव्हता. तो ‘कशाशी तुलना करायची’ हे ठरवताना झाला. पेपरात हे वाक्य पद्धतीच्या परिच्छेदात कुठेतरी तिसऱ्या ओळीत असतं. संशोधनाच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाने ते वाक्य शोधायला शिकावं.

अजून एक. ही सगळी मॉडेल्स मासे हा गुन्हेगार आणि पाणी हा बळी असं धरून चालतात. आमच्याकडे उलटही होऊ शकतं. पहिल्या पावसात वरून कुजकं पाणी आलं, प्राणवायू पडला आणि पिंजऱ्यातले मासे मेले, तर? मोकळा मासा पळून जातो. पिंजऱ्यातला कुठे जाणार? ज्या ढिवर कुटुंबाच्या नावावर पिंजऱ्याचं कर्ज आहे ते कुटुंब कुठे जाणार? असा बाण डेपोमॉडमध्ये नाही, बेव्हरिजमध्येही नाही. माझ्या पहिल्या आकृतीतही नव्हता.

पहाटेचं पाणी

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार.

पहिल्या उन्हाळ्यात मी प्राणवायूची मोजणी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात केली. गाडी तेव्हाच मिळायची. आकडे झकास : लिटरमागे आठ-नऊ मिलिग्रॅम. ३० अंशाच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, म्हणजे पाणी अतिसंपृक्तच होतं. मी लिहून टाकलं : पाणी उत्तम.

एका मामा तलावावर एक म्हातारे ढिवर काका डोंग्यात बसून माझा मीटर बघत होते. मीटर खिशात टाकला तेव्हा म्हणाले, “पानी पाहाचा असल त पायटी ये, बाबू. दिवसा सप्पाच पानी चांगला दिसते.”

पहाटे गेलो. दोनच्या खाली. कारण उघड आहे, पाठ्यपुस्तकातलं आहे, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं : दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो खातं. तळाचा गाळ तर चोवीस तास खातो, आणि पाणी गरम असलं की जास्त वेगाने. स्कॉटलंडमध्ये १० अंशाच्या पाण्यात अकरा मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो आणि खाणारे हळू खातात. आमच्याकडे शिल्लक कमी आणि खर्च दुप्पट-चौपट. मॉडेलला मी दुपारचा डेटा दिला असता तर मॉडेलने दुपारचंच उत्तर दिलं असतं, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. एक आख्खा हंगाम बाजूला ठेवावा लागला. गाईडना सांगताना पोटात गोळा आला होता, पण सांगितलं.

यात एक फसवी गोष्ट आणखी आहे. पंगासियस गरज पडली तर पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपला तरी पिंजऱ्यातला मासा तगेल, आणि बाहेरचे रोहू, कटला, झिंगे मरतील. पिंजरेवाल्याचा हिशोब चांगला येईल, आणि जाळंवाल्याचं जाळं रिकामं येईल. ‘माशांची मरतूक नाही, म्हणजे पाणी ठीक’ हा निकष ठेवलात तर हे दिसणारच नाही. कुठला जीव निर्देशक म्हणून निवडला, यात कुणाचं नुकसान मोजलं जाईल हेही ठरतं.

मग मॉडेल टाकून द्यायचं का?

नाही. हा चुकीचा धडा होईल, आणि तो घेणारे मी पाहिले आहेत. “ही पाश्चात्त्य मॉडेल्स आपल्याकडे चालत नाहीत” असं एक वाक्य लिहून मोकळं होणं सोपं असतं. पण ते एक-पंधरा-नव्वद-तीनशे सत्तर कसं कळलं? मॉडेलमुळेच. मॉडेल नसतं तर फाट्यातलं पाणी किती दिवसांत बदलतं हा प्रश्नच सुचला नसता. मॉडेलने उत्तर दिलं नाही, पण बोट बरोबर ठिकाणी ठेवलं.

भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांची व्यवस्था ज्यांनी चालवली त्यांच्याकडेही एक मॉडेल होतंच. तुडूम कधी उघडायचं, पाणी कुठल्या बांधीत आधी द्यायचं, मासे कधी काढायचे, शिंगाडा कुठे लावायचा. ते कागदावर नव्हतं, पण दरवर्षी तपासलं जायचं, आणि चुकलं तर धानही जायचं आणि मासाही. ती तपासणी आपल्या प्रबंधांपेक्षा कडक होती.

तेव्हा दुसऱ्याचं मॉडेल उचलण्याआधी मी आता स्वतःला हे प्रश्न विचारतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

१. माझ्या शीर्षकातला शब्द आणि मॉडेलचं फलित एकच आहे का? (‘गुणवत्ता’ म्हणताना मी गाळ मोजतोय का?)

२. मॉडेल ज्या जागी तपासलं गेलं तिथला पाण्याचा बदल, तापमान, खोली, ऋतू काय होते? माझ्याकडे काय आहेत?

३. कुठल्या एका आकड्याने उत्तर सगळ्यात जास्त हलतं? तो आकडा मी मोजलाय की पुस्तकातून घेतलाय?

४. सरासरी कशावर काढली? जागेवर, काळावर, की दोन्हींवर? सरासरी काढताना कुणाचा फाटा, कुठला महिना, कुठली पहाट हरवली?

५. ‘परिणाम नगण्य’ हे कशाच्या तुलनेत? ती तुलना कुणी निवडली?

६. मॉडेल चुकलं तर नुकसान कुणाचं? तो माणूस माझ्या आकृतीत कुठे आहे?

पहिले पाच प्रश्न कुठल्याही चांगल्या रिव्ह्यूअरकडून येतील. सहावा बहुधा येणार नाही. तो तुम्हालाच विचारावा लागेल.

डेपोमॉडचा पेपर जरूर वाचा. विशेषतः सापळ्यांचा भाग. मॉडेल आणि मोजणी शेजारी ठेवायला हिंमत लागते, ती त्यांच्याकडे होती. बेव्हरिजही वाचा, आणि त्यातली उदाहरणं हाताने सोडवा, एक्सेल नंतर. मग आपल्या जवळच्या तलावावर जा.

आणि जाल तेव्हा, पहाटे जा.